जनावरांना काही घालता का?

“एकतीस!” मी गुहेतून ओरडले.

बाहेर, लोखंडी दरवाजाच्या पलीकडे सत्यवतीकाकी बसल्या होत्या. तिथून त्यांनी विचारलं, “काय एकतीस?”

“कोळंबी!”

“नि गेल्या वर्साक किती होती?”

“दोनशे चौदा!”

मग आवाज आला, “परत मोज गो. तुजा गणित माका म्हायत आसा. काल पाच घावणे खाल्लंस नि तीन सांगलंस.”

मी परत मोजली. कमरेएवढ्या गार पाण्यात, कपाळाला दिवा बांधून, कातळाच्या प्रत्येक फटीत डोकं घालून मोजली. दुसऱ्या खेपेला एकोणतीस भरल्या. तिसऱ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही.

ही कोळंबी बोटभर लांब, पांढरीफटक. पुढे दोन नांग्या, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. अंग इतकं पारदर्शक की पोटात काय आहे ते बाहेरून दिसतं. त्या मंगळवारी सकाळी मी प्रत्येकीच्या पोटात दिव्याचा झोत टाकून पाहिलं. पोटात काही नव्हतं.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होतील. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, अविवाहित होते आणि कातळवली गावाच्या सड्याखालच्या, म्हणजे कातळी पठाराखालच्या, या एका भोकात पाच वर्षं घालवून बसले होते. जगात ही कोळंबी दुसरीकडे कुठेही नव्हती. निदान सापडली नव्हती. इथली संपली की संपली. शिवाय शुक्रवारी माझे गाईड डॉ. खासनीस दिल्लीहून आलेल्या समितीला घेऊन ती बघायला येणार होते. समितीला दाखवायला आमच्याकडे एकतीस उपाशी कोळंब्या होत्या, नाहीतर एकोणतीस.

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि त्यात कोणी पोहत नाही. अशा मुलीला पाण्याखालच्या प्राण्यांचा विषय देण्याची कल्पना खासनीस सरांची. सर विद्वान होते यात शंका नाही, कारण ते स्वतःच तसं सांगायचे. त्यांच्या आयुष्यात एकच खंत होती. त्यांच्या नावाचा एकही प्राणी नव्हता. त्यांच्या बरोबरीच्या एकाच्या नावाची गोगलगाय होती, एकाच्या नावाची तर पिसू होती, आणि तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या पिसूची आठवण काढायचा. आता नव्या प्रजातीला आपलं नाव आपणच देणं शास्त्रज्ञांत बरं दिसत नाही. म्हणून मोठे शास्त्रज्ञ विद्यार्थी पाळतात.

माझ्या प्रबंधाचा मुद्दा मात्र खरोखर झकास होता. या गुहेत ऊन नाही, झाडं नाहीत, वटवाघळंही नाहीत. बाहेरून काहीही आत येत नाही. मग दोनशे चौदा कोळंब्या जगतात कशावर? आमचं उत्तर असं, की कातळावर जो बुळबुळीत थर असतो, त्यातल्या सूक्ष्म जीवांवर. म्हणजे ही गुहा स्वयंपूर्ण. वरच्या जगाशी तिचा संबंध शून्य. सर याला ‘बंदिस्त परिसंस्था’ म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत.

बाहेरून काही येत नाही याचा पुरावा म्हणजे प्रबंधातलं कोष्टक क्रमांक नऊ. मी गावातल्या शेहेचाळीस घरी जाऊन छापील फॉर्म भरून घेतले होते. शेहेचाळीस घरांनी ‘नाही’ म्हटलं होतं. एकही ‘होय’ नाही, एकही ‘माहीत नाही’ नाही. सरांनी त्या कोष्टकाचं इतकं कौतुक केलं की मी ते घरी आईलाही वाचून दाखवलं होतं.

गावातले लोक मला जीव लावायचे, पण त्यांचं प्रेम जरा विचित्र होतं. रस्त्यात कोणीही भेटला की सापाची बातमी द्यायचा. अमक्याच्या गोठ्यात निघाला, तमक्याच्या पायाला वेढा घातला. एकदा एक गृहस्थ मडक्याला फडकं बांधून आले. “बाय, जनावर आणलंय तुमका,” म्हणाले. मी हौसेने फडकं सोडलं आणि आतून फुरसं वर आलं. काकींच्या माजघराचा उंबरा मी त्या दिवशी ज्या वेगाने ओलांडला, त्या वेगाने पुन्हा काही ओलांडलेला नाही. साप हाही जनावरच असतो, असं मी मनाला समजावलं आणि कामाला लागले.

आणखी एक होतं. दरवाजा बसण्याआधी मंगळवारी आणि शुक्रवारी मला गुहेत जाऊ देत नसत. “आज बायांचो दीस,” एवढंच सांगत. मी वहीत ‘स्थानिक अंधश्रद्धा’ या मथळ्याखाली त्याची नोंद केली. एकदा बुधवारी पाण्यात मला तांदळाचे दोन दाणे सापडले. ते माझ्याच डब्यातून सांडले असणार असं समजून मी स्वतःवर चिडले, आणि पुढे डबा दोनशे पावलं लांब झाडाखाली ठेवायला लागले. शास्त्राच्या बाबतीत मी फार काटेकोर होते.

त्या काटेकोरपणातूनच दरवाजा आला. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात मी लिहिलं होतं, की गुहेतला मानवी वावर ताबडतोब बंद करावा. सरांनी ते वरपर्यंत लावून धरलं. गावाने देवळात देवाला कौल लावला आणि देवाने उजवा कौल दिला. दरवाजा सरपंचांच्या मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये तयार झाला, हे देवाला आधीच कळलं असावं. चैत्रात दरवाजा बसला. चाव्या दोन, एक सरांकडे आणि एक माझ्या गळ्यात. त्यानंतर मी पुण्याला जाऊन नऊ महिने बाकीचा प्रबंध लिहिला, आणि माघात परत येऊन मोजलं तर हे एकतीस.

मी बाहेर आले, दाराला कुलूप घातलं आणि ओल्या कपड्यांनिशी काकींसमोर उभी राहिले. या काकींच्या पडवीत मी राहायचे, त्यांच्या हातचं जेवायचे. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने सडसडीत, आणि तोंड असं की पोस्टमनसुद्धा पत्र लांबूनच टाकायचा.

“काकी, खरं सांगा. कोण पकडून नेतंय?”

“दरवाजो कोणाचो?”

“आमचा.”

“चावी कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

“मगे चोर कोण गो?”

मी तिथेच दगडावर बसले. “त्या उपाशी मरतायत, काकी. एकीच्याही पोटात दाणा नाही.”

“दाणो कसो आसतलो? दाणे हय पडलेत.”

काकींनी दरवाजाच्या खालच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे केळीच्या पानावर तांदळाची लहानशी रास होती, खोबऱ्याचे तुकडे होते, आणि दोन कोंबडे ते सावकाश टिपत होते. कोंबडे मी चार दिवस बघत होते. ते काय खातात याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, कारण कोंबडे माझा विषय नव्हता.

“हे काय आहे?”

“ओटी.”

“कोणाची?”

“बायांची. तू मोजतंस त्येंची.”

थंडीने माझे दात वाजत होते, ते थांबले. “तुम्ही त्यांना खायला घालता?”

“खावक नाय गो घालनव. ओटी भरतंव.” काकींनी कपाळाला हात लावला. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, “सासरच्या जाचाक कंटाळान जी चेडवा परत इली नि जेंका म्हायेरात कोणी घरात घेवक नाय, ती थंय भुतूर जावन ऱ्हवली. म्हणान पांढरी पडली. म्हणान आंधळी झाली, रडान रडान. तेंका म्हायेरचा कोण नाय. म्हणान मंगळवारी नि सुक्रवारी गावातली सवाष्णी बाईल जाता नि तेंची ओटी भरता. मूठभर तांदूळ, वायच खोबरा. माज्या आजयेसासूच्या आदीपासून चलत इलाहा. आता तू दार लावलंस. मगे आमी दारात ठेवतंव. कोंबडे खातत.”

मी उठले. माझा आवाज चढला. “पण मी तुम्हाला विचारलं होतं! प्रत्येक घरी विचारलं होतं! फॉर्मवर सही आहे तुमची!”

“काय इचारलंस?”

पिशवीत कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा अजून होता. मी एक काढला आणि सहावा प्रश्न ठणकावून वाचला, “गुहेतल्या जनावरांना आपण किंवा आपल्या घरचे कोणी खायला काही घालता का?”

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. “शिरा पडली तुज्या त्या कागदार! जनावराक कोण खावक घालतला गो?”

“का? जनावर म्हणजे काय?”

काकींनी हाताचा पंजा जमिनीवर ठेवला आणि तो डावीकडून उजवीकडे वळवळत पुढे नेला.

“ह्यां,” त्या म्हणाल्या.

सोलापुरात जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस आणि माझा धाकटा भाऊ. कोकणात जनावर म्हणजे साप. सापाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून जनावर म्हणायचं. शेहेचाळीस घरांच्या शेहेचाळीस उंबऱ्यांवर उभी राहून मी लोकांना विचारलं होतं, की तुम्ही सापाला जेवायला घालता का. त्यांनी एकमेकांकडे बघून, पाहुणी आहे म्हणून हसू दाबून, ‘नाही’ असं सांगितलं होतं. मला फुरसं का मिळालं ते आता कळलं.

“मग तुम्हाला तेव्हा काही विचित्र वाटलं नाही?” मी विचारलं. “मोजते कोळंबी आणि विचारते सापाचं?”

“वाटला. पण म्हटला, शिकलेली मानसा, तेंका दोनीयांचा लागत आसतला.”

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनशे चौदामधून एकतीस वजा केले तर एकशे त्र्याऐंशी उरतात. त्यांना कोणी पकडलं नव्हतं, कसला रोग झाला नव्हता. त्यांच्या तोंडचा घास मी लोखंडी दार लावून बंद केला होता, आणि त्याच्यावर पाच प्रकरणं लिहून बक्षिसाची वाट बघत होते.

“मगे उघड दरवाजो,” काकी म्हणाल्या. “आज मंगळवार आसा.”

“सरांना विचारते.”

“सायबाक काय कौल लावतंस?”

एका अर्थी तो कौलच होता. बुधवारी सकाळी तीन मैल चालून मी फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तांदूळ?”

“हो सर. आणि खोबरं.”

“हेमांगी, आपण पाच वर्षं एका स्वयंपूर्ण परिसंस्थेवर काम करतो आहोत. तू आता मला सांगतेस की ती कोंबडीपालन केंद्र आहे?”

“सर, दार उघडलं नाही तर त्या मरतील.”

“शुक्रवार संध्याकाळपर्यंत कोणी मरत नाही. समितीपुढे गेल्या वर्षीचा आकडा ठेव. आतमध्ये एक दाणाही जाता कामा नये. तांदूळ खाल्लेल्या कोळंबीला माझं नाव...” सर थांबले. “म्हणजे, विद्यापीठाचं नाव जोडता येणार नाही.”

आणि मी ऐकलं. हे सांगायचं मी आजवर टाळत आले आहे. आईला, नंतर नवऱ्याला, विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना मी मधले दिवस गाळते आणि थेट शुक्रवारवर येते. पण बुधवार आणि गुरुवार चावी माझ्या गळ्यात होती आणि मी कुलूप उघडलं नाही. पदवी हातची जाईल अशी भीती मला वाटली. काकींनी त्या दोन दिवसांत मला जेवायला वाढलं, पण एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांच्या बडबडीची मला इतकी सवय झाली होती की गुरुवारी मी स्वतःच म्हणाले, “काकी, निदान शिव्या तरी द्या.” त्यांनी आमटी वाढली आणि आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी मी मोजायला आत गेले आणि मोजून परत कुलूप घातलं. सत्तावीस.

दहाच्या सुमाराला जीप आली. समितीतले एक सदस्य घाटात उलट्या करून मागच्या सीटवर आडवे झाले होते, ते शेवटपर्यंत उठले नाहीत. दुसरे दिल्लीचे उंच गृहस्थ, गळ्यात दुर्बीण. गुहेत दुर्बिणीने काय बघणार होते ते त्यांनाच ठाऊक. खासनीस सरांनी नवी टोपी घातली होती. गुहेच्या दारापाशी येऊन त्यांनी माझी ओळख करून दिली आणि हिंदीत सांगितलं, “इस वर्ष की गिनती भी दो सौ के ऊपर है.”

“सत्ताईस,” मी म्हणाले.

सर हसले. “दो सौ सत्ताईस.”

“नाही सर. सत्तावीस.”

मग मी त्या दिल्लीच्या गृहस्थांना सगळं सांगितलं. ओटी, तांदूळ, कोष्टक नऊ, आणि जनावर. जनावरचा अर्थ मी हात वळवळवून दाखवला. माझं हिंदी सोलापुरी आहे, तरी त्यांना पोचलं, कारण ते खाली वाकून पानावरचे तांदूळ बोटाने उलटेपालटे करायला लागले. सरांचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली, हेही खरं आहे. एक माणूस साठ वर्षांचा होतो आणि त्याच्या नावाची एक कोळंबीसुद्धा नसते.

मी गळ्यातली चावी काढली.

“हेमांगी,” सर मराठीत, हळू म्हणाले, “हे कुलूप आत्ता तांदळासाठी उघडलंस तर तुझा प्रबंध इथे संपला.”

तो खरोखर संपला. पुढे मला दुसरे गाईड शोधावे लागले, पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि पदवी मिळेपर्यंत माझे केस पिकायला लागले होते. कोळंबीला नाव मिळालं, पण ते एका जर्मन शास्त्रज्ञाने दिलं, त्याच्या बायकोचं. ती बाई कधी कोकणात आली नाही. सर निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी चहा दिला आणि बस म्हणायला विसरले.

पण कुलूप मी उघडलं. नव्या दाराच्या बिजागऱ्या गंजून करकरत होत्या.

काकी ताट घेऊन आल्या होत्या. दर मंगळवार-शुक्रवारसारखं ते दारात ठेवायचं म्हणून आल्या असणार, कारण दार उघडं बघून त्या जागच्या जागी थांबल्या. ताटात तांदूळ, खोबरं, हळदकुंकू, खण.

“चला काकी,” मी म्हणाले. “आत चला.”

“मी? मी नाय.”

“का? तुम्हीच तर...”

“ताट मी भरतंय. चोवीस वर्सा भरतंय. भुतूर गावातली सवाष्ण जाता.” त्यांनी एका हाताने पदर कपाळावर ओढला. त्या कपाळावर काही नव्हतं, हे मी पाच वर्षं रोज बघत होते आणि त्याचा कधी विचार केला नव्हता. गुहेत का येत नाही असं विचारलं की त्या गुडघ्यांचं कारण सांगायच्या. “रांडमुंड बायलेन ओटी भरूची नसता गो. माजो घोव गेलो तेवापासून मी ह्या दगडार बसतंय.”

“मग मी जाते. द्या ताट.”

“तुजा लगीन खय झालाहा?”

मी आजूबाजूला पाहिलं. गावातल्या बायका काजूच्या बागांत गेल्या होत्या. बोलवून आणायचं तर तास-दीड तास जाणार. दारात आम्ही दोघी, एक विधवा आणि एक कुमारिका, आणि तीन शास्त्रज्ञ, त्यातला एक आडवा.

काकी वाकून गुहेच्या अंधारात बघत होत्या. पाणी काळं होतं आणि त्यात काहीच दिसत नव्हतं.

“गो हेमा,” त्यांनी विचारलं, “ती खऱ्यांनीच आंधळी?”

“हो.”

“अगदीच काय दिसना नाय? वायचसुद्धा?”

“डोळेच नाहीत, काकी. डोळ्यांच्या जागी नुसतं कातडं आहे. त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय.”

काकींनी ताट माझ्या हातात देऊन लुगड्याचा काष्टा वर खोचला, चपला काढल्या आणि ताट परत घेतलं.

“मगे माज्या कपाळार काय आसा नि काय नाय,” त्या म्हणाल्या, “ह्यां तेंका सांगतला कोण?”

“बाई, थांबा! आत बाहेरचं काही न्यायचं नाही!” खासनीस सर पुढे झाले. दिल्लीच्या गृहस्थांनी त्यांचा दंड धरला. काकींनी दोघांकडेही बघितलं नाही.

मी दिवा घेऊन मागोमाग गेले. काकी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्या तांदूळ चिमटीचिमटीने सोडत होत्या, आणि अर्धे दाणे लुगड्यावर सांडत होते. बराच वेळ काही हललं नाही. मग कातळाच्या फटीतून एक पांढरी नांगी बाहेर आली. मग दुसरी. त्या वासाने येत होत्या, चाचपडत येत होत्या, आणि काकींच्या पावलांपाशी गोळा होत होत्या.

“जेवा गो बायांनो,” काकी म्हणाल्या. “यंदा वायच उशीर झालो.”